कवितेची साक्ष

कामगार संघटनेच्या कामात ज्याचे आयुष्य गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत कवितेवर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा वृत्त, अलंकार, रस यांविषयी बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु पुरावा म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय आणि ज्याच्याजवळ कागद नाही त्याचे काय होते, याचा तीस वर्षांचा अनुभव आमच्या पदरी आहे. आजचा विषय नेमका तेथूनच सुरू होतो. अमेरिकेतील एका तरुण कवयित्रीवर १९८७ साली खटला भरला गेला, आणि तिने लिहिलेली कविता सरकार पक्षाने तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केली. कवितेचा अर्थ कोणता, हा वाद एरवी साहित्य संमेलनाच्या मांडवात होतो. येथे तो आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत गेला.

प्रारंभी घरचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत ओडिशाकडचा एक तरुण यंत्रमाग कामगार आला. यंत्रात सापडून उजव्या हाताची दोन बोटे गेलेली. नुकसानभरपाई मागितली, तर मालक म्हणाला, "हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच." हजेरीपटावर नाव नाही, पगाराची पावती नाही, ओळखपत्रावर पत्ता गावाकडचा. शेवटी उपयोगी पडली ती खानावळीची वही. खानावळवाल्या मावशींनी उधारीसाठी रोजच्या रोज लिहून ठेवले होते : अमुक तारखेला अमुक शेडमध्ये इतके डबे, कोणाकोणाच्या नावावर. ती वही पुढे ठेवताच मालकाचा आवाज उतरला आणि तडजोड झाली. मावशींनी ती वही न्यायासाठी लिहिली नव्हती, आपले पैसे बुडू नयेत म्हणून लिहिली होती. परंतु जे घडले ते कोणीतरी त्याच दिवशी टिपून ठेवले, एवढ्याच गोष्टीने एका माणसाचे असणे शाबीत झाले. ही वही ध्यानात ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही मूळ विषयाकडे वळतो.

कवयित्रीचे नाव डेमेट्रिया मार्टिनेझ. जन्म १९६० सालचा, न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की या शहरातला. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९८२ साली पदवी घेतल्यावर त्या कविता लिहू लागल्या आणि वृत्तपत्रांसाठी धर्मविषयक बातमीदारी करू लागल्या. त्या स्वतःला 'चिकाना' म्हणवितात. हा शब्द आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून थोडा खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिका व मेक्सिको यांचे युद्ध १८४८ साली ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने संपले. टेक्सास धरून मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेच्या ताब्यात गेला. त्या मुलखात जी मेक्सिकन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, ती जागची हलली नव्हती. हलली होती ती सरहद्द. अशा घराण्यांतील आणि मागाहून मेक्सिकोतून आलेल्या लोकांना 'चिकानो' म्हणून हिणवीत असत. १९६० नंतरच्या दशकात तरुण पिढीने तोच शब्द अभिमानाने स्वीकारला. पुरुष तो चिकानो, स्त्री ती चिकाना. रिओ ग्रँड नदी अल्बुकर्की शहरातून संथपणे वाहते. तीच नदी दक्षिणेकडे एल पासो या शहरापाशी पोहोचली म्हणजे दोन देशांमधली सीमारेषा होते. मार्टिनेझबाईंच्या गावची नदी ती हीच.

या समाजात साहित्य आणि चळवळ यांची सोयरीक जुनी आहे. कॅलिफोर्नियातील डिलानो येथे सप्टेंबर १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठच दिवसांत सेझर चावेझ व डोलोरेस ह्युर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. चावेझ हे गांधीजींना मानणारे. १९६८ साली, संपकऱ्यांनी हिंसेकडे वळू नये म्हणून, त्यांनी २५ दिवसांचे उपोषण केले. त्याच संपात लुईस वाल्डेझ यांनी शेतमजुरांची नाटक मंडळी काढली. मजूरच नट, आणि मालमोटारीची पाठ हाच रंगमंच. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे कलापथक ज्यांनी पाहिले किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. १९७० साली मळेवाल्यांनी करार केले. म्हणजे मार्टिनेझबाई लहानाच्या मोठ्या झाल्या तेव्हा गाणे, नाटक आणि मोर्चा या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत, असे त्यांच्या समाजात कोणी मानीत नव्हते.

आता खटल्याकडे येऊ. तो समजण्यासाठी एल साल्वादोर या चिमुकल्या देशाची गोष्ट सांगितली पाहिजे. मध्य अमेरिकेतील या देशात १९८० पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चालले. सुमारे ७५ हजार माणसे मारली गेली. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांची बाजू घेत, सैनिकांना 'मारू नका' असे सांगत. त्यांना २४ मार्च १९८० रोजी प्रार्थना चालू असताना गोळी घालण्यात आली. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाकडे २२ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांतील शेकडा ८५ तक्रारींमध्ये ठपका होता तो सरकारी सैन्यावर, त्याला धरून असलेल्या सशस्त्र टोळ्यांवर आणि खुनी पथकांवर. हे १९९३ साली जाहीर झाले. परंतु माणसे पळत होती ती १९८० पासून. ती मेक्सिको ओलांडून अमेरिकेच्या दारी येत होती.

दारी काय होत होते? अमेरिकेचा १९८० चा निर्वासितविषयक कायदा कागदावर चांगला होता. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी ज्याचा छळ होईल अशी सकारण भीती आहे, त्याला आश्रय मागता येई. परंतु एल साल्वादोरच्या सरकारला पैसा आणि शस्त्रे अमेरिकाच पुरवीत होती. तेथून आलेल्या माणसाला 'छळामुळे आलेला' म्हणावयाचे, तर आपला मित्र छळ करतो हे कबूल करावे लागते. म्हणून सरकार म्हणे, हे लोक पोटासाठी आलेले आहेत. १९८४ साली साल्वादोरी अर्जदारांपैकी शेकडा तिघांनाही आश्रय मिळाला नाही. बाकीच्यांना परत पाठविले जाण्याची टांगती तलवार. अधिकारी विचारी, पुरावा काय? रात्री घराचे दार फोडून भावाला नेले, त्याची पावती कोण देतो! श्रोतेहो, आमच्या कचेरीतला तो तरुण आठवावा.

याला उत्तर म्हणून 'आश्रय चळवळ' उभी राहिली. ॲरिझोना राज्यात टूसॉन येथील एका प्रेस्बिटेरियन चर्चने, रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २४ मार्च १९८२ रोजी, उघडपणे जाहीर केले की, निर्वासितांना आम्ही आसरा देऊ. तेथील पाद्री जॉन फाइफ आणि क्वेकर पंथाचे जिम कॉर्बेट हे या कामाचे प्रमुख. थोड्याच वर्षांत देशभरची शेकडो प्रार्थनामंदिरे त्यांना मिळाली. सरकारने खबरे पेरले. अंगावर ध्वनिमुद्रक लपवून ते प्रार्थनामंदिरांतील सभांना जाऊन बसले. टूसॉनच्या खटल्यात मे १९८६ मध्ये आठ जण दोषी ठरले, तथापि कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही. त्याच वर्षी मार्च महिन्यात न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर टोनी अनाया यांनी आपले राज्य हे आश्रयाचे राज्य असल्याची घोषणा केली. तेथील गव्हर्नर हा आपल्या मुख्यमंत्र्यासारखा लोकांनी निवडलेला असतो, म्हणून या घोषणेला वजन होते.

ऑगस्ट १९८६ मध्ये ग्लेन रेमर-थॅमर्ट नावाचे एक लुथरन पाद्री दोन गरोदर साल्वादोरी स्त्रियांना अल्बुकर्कीकडे आणण्यासाठी सरहद्दीवर गेले. त्यांच्याबरोबर मार्टिनेझबाई बातमीदार म्हणून गेल्या. या प्रवासावर त्यांनी पुढे एक कविता लिहिली. तिचे नाव मराठीत सांगावयाचे तर 'ख्रिस्तजन्म : दोन साल्वादोरी स्त्रियांसाठी, १९८६-१९८७'. दिवस भरलेली मेरी, धर्मशाळेत जागा नाही, आणि मूल जन्मल्यावर राजाच्या भीतीने परमुलखात पलायन, ही कथा ख्रिस्ती घरातील पोराटोरांनाही ठाऊक असते. नुसत्या मथळ्याने त्या दोन स्त्रिया त्या कथेत जाऊन बसतात, आणि मग वाचणाऱ्याला स्वतःलाच विचारावे लागते की, आपण या कथेत कोण? जागा देणारे, की दार लावणारे?

डिसेंबर १९८७ मध्ये आरोपपत्र आले. परकीयांना बेकायदा देशात आणण्याचा कट आणि त्यास साहाय्य, अशा स्वरूपाचे आरोप. सारे शाबीत झाले असते, तर बाईंना २५ वर्षांपर्यंत कैद आणि साडेबारा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकला असता. त्यांचे वय त्या वेळी सत्तावीस. आणि पुराव्यात त्यांची ती कविता.

सरकार पक्षाने कविता पुढे केली, ती कबुलीजबाबासारखी. ही बाई तटस्थ बातमीदार नव्हती, तिची सहानुभूती कोठे होती ते तिच्याच शब्दांत पाहा, असा त्याचा अर्थ. आता बचाव करणाऱ्याला एक मोह होतो. 'अहो, ही तर नुसती कविता आहे, कवितेचे काय एवढे मनावर घेता!' असे म्हणून सुटावे. परंतु असे म्हटले की कविता निरुपद्रवी ठरते, आणि निरुपद्रवी ठरलेल्या कवितेला तुरुंगात घालण्याचे कारण उरत नाही, तसेच वाचण्याचेही उरत नाही. आम्हाला वाटते, या खटल्यात खरी अडचण होती ती ही. कविता हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, हे खरे. पण म्हणून ती पोकळ शब्दांची आरासही नव्हे. ती साक्ष होती. पुरावा हा कोणाविरुद्ध तरी वापरावयाचा असतो. साक्षीचे तसे नाही. ज्याने पाहिले त्याने, आपले काय होईल याचा हिशेब बाजूला ठेवून, 'मी हे पाहिले' असे म्हणावयाचे असते.

लेखणी आरोपी होणे आपल्यालाही नवीन नाही. १९०८ साली लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला 'केसरी'तील लेखांवरच उभा होता. मराठी शब्दांची इंग्रजी भाषांतरे बरोबर की चूक यावर लोकमान्यांनी तासन्‌तास युक्तिवाद केला. त्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन हिंदी होते, आणि सातांनी दोषी ठरविले. सहा वर्षांच्या शिक्षेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांच्या हरताळाने उत्तर दिले, हे आमच्या चळवळीतील प्रत्येकाला पाठ असते.

ज्यूरी म्हणजे न्यायाधीशासमोर बसलेले सामान्य नागरिक. आरोपी दोषी की निर्दोष हे ते ठरवितात. आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ही पद्धत आता राहिलेली नाही, अमेरिकेत आहे. मार्टिनेझबाईंच्या बचावाचा मुख्य आधार अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती हा होता. १७९१ पासून अमलात असलेली ही दुरुस्ती भाषणाचे व मुद्रणाचे स्वातंत्र्य देते. बातमीदाराने घटना पाहावी, घटनेबरोबर जावे, आणि लिहावे, हे त्याचे कामच आहे, असा मुद्दा मांडला गेला. गव्हर्नरांच्या घोषणेचाही बचावात आधार घेण्यात आला. ऑगस्ट १९८८ मध्ये ज्यूरीने बाईंना आणि पाद्र्यांना, दोघांनाही निर्दोष ठरविले.

येथे गोष्ट संपली असती, तर आम्ही ती आपणास सांगितली नसती. पुष्कळदा असे दिसते की, खटल्यातून सुटलेला माणूस पुढे जपून बोलतो. आमच्या युनियनमध्येही एकदा चौकशीचे पत्र आले की पुढच्या सभेला न येणारे आम्ही पाहिले आहेत, आणि घरी चार तोंडे असताना त्यांना दोष देणे सोपे नाही. मार्टिनेझबाई जपून बोलल्या नाहीत. १९९४ साली त्यांची 'मदर टंग' म्हणजे 'मातृभाषा' ही कादंबरी आली. अल्बुकर्कीतील एक एकोणीस वर्षांची मुलगी, आश्रय चळवळीच्या मार्फत तेथे पोहोचलेला एक साल्वादोरी निर्वासित, आणि त्यांचे प्रेम, असा तिचा विषय. मुलीला वाटते की प्रेमाने या माणसाची जखम भरून येईल. पण छळातून आलेल्या माणसाच्या अंगात युद्ध तसेच राहिलेले असते. निर्वासिताला देव करावयाचे नाही आणि मदत करणाऱ्यालाही नाही, हा या पुस्तकाचा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. मोर्चाच्या भाषणात एवढे सांगण्याला वाव नसतो, आणि म्हणूनच चळवळीला कादंबरीची गरज लागते.

पुढे १९९७ आणि २००२ साली त्यांचे कवितासंग्रह निघाले आणि २००५ साली निबंधांचे पुस्तक. त्या निबंधसंग्रहाच्या नावातच एक कबुली आहे. आपण ध्वनिफितींवरून स्पॅनिश घोटणाऱ्या चिकाना आहोत, असे त्या सांगतात. नैऋत्य अमेरिकेतील शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई, असा एक काळ होता. त्या धाकाने आईबापांनी मुलांशी इंग्रजीतच बोलावयाचे ठरविले, आणि आजीची भाषा नातीला विकत घेऊन शिकावी लागली. ज्यांच्या हक्कांसाठी आपण उभे राहतो त्यांच्यासारखे आपण पूर्णपणे नाही, हे ओळखून केलेले काम टिकते. पुढे अल्बुकर्की येथील 'एनलासे कोमुनितारिओ' या, स्थलांतरित कुटुंबांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या कामाशीही त्या जोडल्या गेल्या. २०१२ सालच्या त्यांच्या आणखी एका कादंबरीला 'अमेरिकन बुक ॲवॉर्ड' मिळाला.

आता कोणी विचारील, या कवितेने झाले काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही पगारवाढीच्या आकड्यांत विचार करणारी माणसे, आम्हालाही तो पडतो. कायदा बदलला तो चर्चसंस्थांनी आणि निर्वासितांनी लढविलेल्या एका मोठ्या दाव्यामुळे. १९८५ साली दाखल झालेल्या त्या दाव्यात १९९१ साली समझोता झाला आणि साल्वादोर व ग्वाटेमाला येथील अर्जदारांची प्रकरणे नव्याने ऐकण्याचे सरकारने मान्य केले. ते काम वकिलांचे होते, कवींचे नव्हे. परंतु वकिलाला अशील लागतो, आणि अशील हा आधी माणूस म्हणून लोकांना दिसावा लागतो. 'बेकायदा परकीय' हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे चेहरा येत नाही. बाळंतपण जवळ आलेली बाई म्हटले की येतो. कवितेने एवढेच केले, आणि सरकारी वकिलांना ते पुरेसे धोक्याचे वाटले.

येथे आमच्याच घरातील एक गोष्ट लपविणे बरे नाही. ज्या चावेझ यांच्या संघटनेचा आम्ही गौरवाने उल्लेख केला, त्याच संघटनेने १९७४ साली कागदपत्रे नसलेल्या मजुरांची नावे सरकारी खात्याला कळविण्याची मोहीम चालविली होती. मळेवाले त्या मजुरांना संप फोडण्यासाठी आणीत, हे खरे. तरी मजुराने मजुराला धरून देणे हे चुकलेच होते, आणि संघटनेने पुढे आपले धोरण बदलले. अमेरिकेतील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने तर फेब्रुवारी २००० मध्ये अशा मजुरांना कायदेशीर मान्यता द्यावी, अशी मागणी केली. आम्हाला हे वाचताना मान खाली घालावी लागली. आमच्या पहिल्या संपात आम्हीही परप्रांतीय मजुरांविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. ज्याच्या हाताची बोटे गेली, तो तरुण त्यांच्यापैकीच कोणाचा तरी मुलगा असू शकला असता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९३-९४ पासून एल पासो आणि सान दिएगो या शहरांपाशी पहारा वाढला, तेव्हा वाटसरू वाळवंटाकडे वळले आणि तहानेने मरू लागले. टूसॉनच्या लोकांनी वाटेवर पाणी ठेवण्यास सुरुवात केली. त्या कामातील स्कॉट वॉरन या भूगोलाच्या शिक्षकावर, दोघा वाटसरूंना अन्नपाणी व निवारा दिल्यावरून खटला झाला. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसरीने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. म्हणजे अल्बुकर्कीच्या खटल्यानंतर एकतीस वर्षांनी पुन्हा बारा सामान्य माणसांना तेच ठरवावे लागले.

खानावळीच्या मावशींनी वही लिहिली, तेव्हा त्यांना कोणी कवयित्री म्हटले नसते. परंतु त्यांनी आणि अल्बुकर्कीच्या त्या तरुणीने केलेले काम एका जातीचे आहे, असे आम्हाला वाटते. कोण आले, कोणत्या दिवशी आले, कोणत्या अवस्थेत आले, हे त्यांनी लिहून ठेवले. आपल्या शहरातही रोज गाडीतून माणसे उतरतात, आणि पुष्कळांचे नाव कोणत्याही पटावर नसते. व्याख्यान संपवून आपण घरी जाल, तेव्हा वाटेत जो रखवालदार, जी मोलकरीण, जो गवंडी भेटेल, त्याला त्याचे नाव आणि गाव विचारावे. नाव आठवणीत ठेवावे. कधी काळी कोणी म्हणाले की, 'हा माणूस येथे नव्हताच,' तर 'होता, आम्ही पाहिला आहे,' असे सांगणारे निदान एक माणूस तरी गावात असले पाहिजे.